वादळापूर्वीचे दिवस

गोष्टीचा शेवट आधीच ठाऊक असेल, तर ती गोष्ट कोणी का ऐकावी, हा प्रश्न मला गेल्या मे महिन्यात पडला. निमित्त झाले एका खेळाचे. आणि तो खेळ खेळणारी होती माझी सतरा वर्षांची भाची.

ताईचे बिऱ्हाड सिरुसेरीला आहे. चेन्नई शहराच्या दक्षिणेस, जुन्या महाबलिपुरम रस्त्यालगत असलेले हे गाव आज चेंगलपट्टू जिल्ह्यात मोडते. हा जिल्हा तळ्यांचा म्हणून प्रसिद्ध; पण सिरुसेरीला उतरणाऱ्या पाहुण्याला तळ्यांच्या आधी दिसतात त्या काचेच्या इमारती. ‘सिपकॉट’ या तमिळनाडू शासनाच्या महामंडळाने येथे संगणक-उद्योगासाठी मोठी वसाहत उभारली आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे, उरुग्वेचे वास्तुशिल्पी कार्लोस ऑट यांनी रेखाटलेले प्रचंड संकुल येथेच आहे, आणि याच वसाहतीत चेन्नईची नामवंत गणित संस्थाही आहे. सकाळी नऊच्या सुमारास बसमधून उतरणाऱ्या तरुणांच्या घोळक्यात तमिळ, तेलुगू, हिंदी या भाषांबरोबर एखादे मराठी वाक्यही कानी पडते, आणि परक्या गावी आलेल्या माणसाला तेवढ्याने बरे वाटते.

ताई आणि भाऊजी पुण्याहून येथे आले, तेव्हा भाची तीन वर्षांची होती. तमिळ ती शेजारच्या अंगणात शिकली, इंग्रजी शाळेत, आणि मराठी आईबाबांजवळ. दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत भाऊजी गेले. पहाटे छातीत कळ आली, आणि इस्पितळात पोहोचेपर्यंत सारे आटोपले होते. भाचीची दहावीची परीक्षा तेव्हा तीन आठवड्यांवर आली होती. ती परीक्षेला बसली, उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली, आणि आम्ही सर्वांनी तिच्या धीराचे कौतुक केले. त्या कौतुकाच्या भरात ती किती मुकी झाली आहे, हे आमच्या ध्यानी यायला फार वेळ लागला.

“ती एकच खेळ पुन्हा पुन्हा खेळत असते गं,” ताईने मला फोनवर सांगितले होते. “संपला की परत पहिल्यापासून. बारावीची परीक्षा झाली, आता अडवायचं तरी कशाला? पण तू आलीस की जरा तिच्याजवळ बैस.”

मी बसले. माझ्या कल्पनेत संगणकावरचा खेळ म्हणजे गोळीबार, नाहीतर मोटारींची शर्यत. पडद्यावर पाहते तो एक मुलगी आपल्या खोलीत बसून पत्र लिहीत होती. पत्र होते दूर राहायला गेलेल्या एका मैत्रिणीला, आणि ते ती कधीच टपालात टाकणार नव्हती. तिच्या वहीत अशी न पाठवलेली पत्रेच पत्रे होती. मी अधिक सावरून बसले.

भाचीने मग मला सारे समजावून दिले. पॅरिसच्या ‘डोंटनॉड’ या संस्थेने 2015 साली ‘लाइफ इज स्ट्रेंज’ नावाचा खेळ पाच भागांत प्रसिद्ध केला. अमेरिकेतील ऑरेगन राज्यातले आर्केडिया बे हे त्यातले काल्पनिक गाव. मॅक्स नावाची छायाचित्रण शिकणारी मुलगी त्याची नायिका. तिला काळ थोडा मागे फिरवण्याची शक्ती लाभते. क्लोई ही तिची बालमैत्रीण, आणि क्लोईची जिवलग मैत्रीण रेचल बेपत्ता आहे. गावाच्या भिंतींवर रेचलची छायाचित्रे लागलेली असतात. ती जिवंत नाही, हे पुढे कळते. आणि अखेर गावावर एक भयंकर वादळ चालून येते. खेळणाऱ्याने ठिकठिकाणी निर्णय घ्यायचे आणि त्यांचे परिणाम सोसायचे, अशी या खेळाची रीत आहे.

भाची खेळत होती तो खेळ मात्र त्याच्यानंतर, 2017 साली आला, आणि त्यातली गोष्ट त्याच्या तीन वर्षे आधीची. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या ‘डेक नाइन’ या संस्थेने तो तीन भागांत रचला. नाव ‘बिफोर द स्टॉर्म’, म्हणजे वादळापूर्वी. येथे नायिका क्लोई आहे, वय वर्षे सोळा. दोन वर्षांपूर्वी तिचे वडील मोटारीच्या अपघातात गेले आहेत. आई एका खानावळीत राबते. वडिलांच्या पाठोपाठ मॅक्सही गाव सोडून गेली आहे. अशा दिवसांत तिला रेचल भेटते. क्लोईच्या हाती काळ मागे फिरवण्याची शक्ती नाही. एकदा बोलून गेलेला शब्द परत घेता येत नाही. रात्री तिला स्वप्न पडते, आणि त्या स्वप्नात वडील मोटार चालवत असतात.

मी भाचीकडे पाहिले. ती पडद्याकडे पाहत होती.

हा खेळ लहान मुलांच्या हाती द्यावा असा नाही, हे येथेच सांगितले पाहिजे. त्यात मद्य आहे, अमली पदार्थ आहेत, मारामाऱ्या आहेत; युरोपात तो सोळा वर्षांवरील आणि अमेरिकेत सतरा वर्षांवरील मुलांसाठी ठरवलेला आहे. पण ज्या गोष्टीने भाचीला धरून ठेवले होते, ती यांपैकी कोणतीच नव्हती.

एका गोष्टीचे मला हसू आले. क्लोईजवळ जी एकमेव शक्ती आहे, ती म्हणजे उलट उत्तर देण्याची. समोरचा जो शब्द बोलेल तोच पकडून त्याच्यावर उलटवायचा. जमले तर वाट मोकळी होते, फसले तर अधिकच अडचण. आमच्या लहानपणी उलट उत्तराला घरात जे बक्षीस मिळे, ते मी भाचीला सांगितले. तीही हसली. त्या दोन वर्षांत ती माझ्यासमोर मोकळेपणाने हसली, असे ते पहिल्यांदाच.

“पहिल्या खेळातला क्लोईचा आवाज दुसऱ्या बाईंचा होता,” ती म्हणाली. “हा खेळ करत होते तेव्हा आवाज देणाऱ्या कलाकारांचा संप चालू होता. म्हणून त्या बाईंनी आवाज दिला नाही, पण लिहिणाऱ्यांना मदत केली.” मी पुढे ताडून पाहिले, ते खरेच होते. अमेरिकेतील तो संप 2016 च्या ऑक्टोबरपासून 2017 च्या सप्टेंबरपर्यंत चालला, आणि पहिल्या खेळात क्लोईला आवाज देणाऱ्या ॲशली बर्च यांनी या खेळात लेखनाच्या सल्लागार म्हणून काम केले. मुले ज्या गोष्टीवर प्रेम करतात तिचा अभ्यास किती मन लावून करतात, याचे आपल्याला उगीचच नवल वाटते.

“पण मला एक सांग,” मी विचारले, “रेचल पुढे मरणार हे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मग हे सारं खेळायचं कशासाठी?”

तिने क्षणभर विचार केला. “शेवट माझ्या हातात नाहीच गं मावशी. पण ती आहे तोवर तिच्याशी कसं वागायचं, ते माझ्या हातात आहे.”

माझे काम भाषांतराचे. दिवसभर एका भाषेतले शब्द दुसऱ्या भाषेत आणून बसवावे लागतात, त्यामुळे रात्रीही तो चाळा सुटत नाही. मूळ गोष्ट सांगून झाल्यावर तिच्या आधीची गोष्ट सांगणारी अशी जी कृती असते, तिला मराठीत काय म्हणावे, याचा विचार करीत मी पडले होते. प्रथम ‘पूर्वरंग’ हा कीर्तनातला शब्द सुचला. मग वाटले, हे बरोबर नाही. पूर्वरंगात बुवा अभंग घेऊन त्याचे निरूपण करतात; आख्यान लागते ते उत्तररंगात. तेव्हा ‘पूर्वकथा’ हा साधाच शब्द बरा. पण कीर्तन आठवले, आणि त्याबरोबर माझ्या प्रश्नाचे उत्तरही जवळ आल्यासारखे वाटले.

आमचे आजोबा गावच्या देवळात हरिश्चंद्राचे आख्यान ऐकायला जात, आणि मला बरोबर नेत. राजा राज्य देणार, राणीला विकणार, स्मशानात पहारा करणार, आणि अखेर देव प्रकट होणार, हे त्या देवळातल्या लहान पोरालाही पाठ होते. तरीही तारामती मुलाचे प्रेत घेऊन स्मशानात आली की बायका पदर डोळ्यांना लावीत, आणि आजोबांचा हात माझ्या हातात घट्ट होई. मराठी कीर्तनाची ही रीत तमिळ देशातही रुजलेली आहे. तंजावर हे भोसले राजांचे ठाणे. तेथे महाराष्ट्रातून कीर्तनकार येत, आणि त्यांची धाटणी घेऊन एकोणिसाव्या शतकात तंजावर कृष्ण भागवतर यांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. मराठी साकी आणि दिंडी तिकडच्या कथेत आजही म्हटली जाते. शेवट ठाऊक असलेल्या गोष्टी ऐकत बसण्याची सवय दोन्ही देशांना सारखीच आहे. श्रोता ‘पुढे काय’ म्हणून ऐकत नाही. ‘त्या वेळी तो कसा वागला’ म्हणून ऐकतो. माझ्या भाचीने मला हेच सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी ती खेळाच्या अखेरीला पोहोचली. रेचलला आपल्या वडिलांचे एक गुपित अर्धवट कळले आहे, आणि त्यातून तिला जन्म देणारी आई वेगळीच असल्याचे उघड झाले आहे. ती आई गावात आली आहे. रेचलचे वडील मोठे सरकारी वकील आहेत. पण या बाईला मुलीपासून दूर ठेवण्यासाठी त्यांनी एका गुंडाशी संधान बांधले, हे क्लोईला समजते. खुद्द ती आईच क्लोईला विनवते, की रेचलला हे सांगू नकोस. रेचल इस्पितळात खाटेवर आहे. ती क्लोईला विचारते. पडद्यावर दोन वाटा उमटतात: सत्य सांगायचे, की तिला त्यापासून जपायचे.

“मी दोन्ही करून पाहिलंय,” भाची म्हणाली. “लपवलं तर तिचं घर पुन्हा एक होतं. सगळे हसत असतात. सांगितलं तर तिला तिची आई भेटते, पण बाबांवरचा विश्वास जातो.”

“मग लपवलेलं बरं, नाही का? नाहीतरी ती फार दिवस जगणार नाही.”

“मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. पण मावशी, लपवल्यावर ती हसते ना, तेव्हा मला तिच्याकडे बघवत नाही. ती बाबांकडे बघून हसते, आणि क्लोई एकटीच पडते.” थोडे थांबून तिने विचारले, “तू काय केलं असतंस?”

“मला विचार करायला हवा,” मी म्हणाले, आणि चहा ठेवण्याच्या निमित्ताने उठले.

मी का उठले, ते सांगते. भाऊजींचे दुखणे अचानक आलेले नव्हते. आदल्या सप्टेंबरातच तपासणी झाली होती, हृदयाच्या वाहिन्यांत अडथळे सापडले होते, आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रिया लवकर करून घ्या असे सांगितले होते. भाऊजींनी ठरवले, की मुलीची दहावी आहे, मार्चमध्ये परीक्षा झाली की एप्रिलमध्ये करू. तोवर तिला काही कळू द्यायचे नाही. ताईने पुष्कळ विनवले. मग तीही त्या बेतात सामील झाली. मला ठाऊक होते. मीही गप्प राहिले. भाऊजी गेल्यावर ताईने माझ्याकडून वचन घेतले, की ही गोष्ट मुलीच्या कानी जाता कामा नये. ‘बाबा माझ्या परीक्षेपायी गेले’ असे तिला वाटले, तर ती जन्मभर ते ओझे वाहील, ही ताईची भीती. ती भीती मला खोटी वाटत नव्हती. आजही वाटत नाही.

रविवारी आम्ही तिघी महाबलिपुरमला गेलो. सिरुसेरीहून दक्षिणेकडे तोच रस्ता पुढे जातो. उन्हाळा कडक होता. अग्निनक्षत्राचे दिवस म्हणून तिकडे मे महिन्याची धास्ती घेतात. म्हणून सकाळीच निघालो. पल्लव राजांच्या काळात, सातव्या शतकात कोरलेला तेथला मोठा शिलापट मी चित्रांत पाहिला होता. प्रत्यक्षात तो सुमारे 29 मीटर लांब आणि 13 मीटर उंच आहे, आणि त्यावर देव, गंधर्व, नाग, हत्ती, हरणे, वानर यांची एवढी दाटी आहे की डोळा कुठे ठेवावा ते कळत नाही. मधोमध खडकाची उभी भेग आहे. तिच्या डाव्या बाजूला एक तपस्वी दोन्ही हात उंचावून एका पायावर उभा आहे, आणि शेजारी शंकर वर देत आहेत.

हा तपस्वी कोण, याविषयी विद्वानांत आजही दोन पक्ष आहेत. कोणी म्हणतात, हा गंगा आणणारा भगीरथ, आणि ती भेग म्हणजे गंगेचा प्रवाह. कोणी म्हणतात, हा अर्जुन. वनवासात पाशुपतास्त्र मिळवण्यासाठी तप करतो आहे. शिल्पकाराने नाव कोरून ठेवलेले नाही. पाहणाऱ्याने आपली गोष्ट निवडावी.

“अर्जुन असेल तर ही पण आधीचीच गोष्ट,” भाची म्हणाली. “युद्ध अजून व्हायचंय.”

हत्तींच्या पायांशी एक मांजर आहे. तेही तपस्व्यासारखे पुढचे पाय वर करून उभे आहे, आणि भोवती उंदीर भक्तिभावाने जमले आहेत. महाभारताच्या उद्योगपर्वात अशा ढोंगी मांजराची गोष्ट येते. येणारा जाणारा प्रत्येक जण ते मांजर पाहून हसत होता. भाची मात्र हसली नाही. “यांना कुणीतरी सांगायला हवं होतं,” ती उंदरांकडे पाहत म्हणाली. ती सहज बोलली; पण ताई आणि मी एकमेकींकडे पाहिले नाही.

त्या रात्री भाची झोपल्यावर आम्ही दोघी गच्चीत बसलो. समुद्रावरून वारा सुटला होता. दूर मेट्रोच्या बांधकामाचे दिवे दिसत होते. उद्योगपर्वाचा विषय निघालाच होता. मी कर्णाची गोष्ट काढली. युद्धापूर्वी श्रीकृष्ण कर्णाला त्याचे जन्मरहस्य सांगतात. कर्णापुढे दोन वाटा असतात. तो आपली वाट निवडतो, शेवट काय होणार हे जाणून निवडतो, आणि कृष्णाला विनवतो, की धर्मराजाला हे सांगू नका. पुढे कुंतीही त्याला भेटते. सर्वांना सारे ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते फक्त त्याच्या भावांना. युद्ध संपल्यावर, तर्पणाच्या वेळी कुंती बोलली. धर्मराजाला राज्य मिळाले होते, पण त्याचा शोक आवरेना. आईने हे लपवले म्हणून त्याने समस्त स्त्रीजातीला शाप दिला, की यापुढे तुमच्या पोटी गुपित राहणार नाही.

“आपल्या घरात तो शाप काही लागला नाही,” ताई म्हणाली. मग पुष्कळ वेळ ती गप्प होती.

“तिला दुःख होईल म्हणून आपण सांगत नाही, हे खरं,” मी म्हणाले. “पण ताई, ती तुझ्याकडे बघून हसते तेव्हा तुला कसं वाटतं?”

ताईने उत्तर दिले नाही. मला ते उत्तर भाचीने दोन दिवसांपूर्वीच दिले होते.

“कुंतीनं सांगितलं, पण सगळं संपल्यावर,” ताई अखेर म्हणाली. “मीही तेच करणार ना? आता सांगून ह्यांचं काय परत येणार आहे?”

“ह्यांचं काही परत येणार नाही. पण तू आहेस, ती आहे. ते संपलेलं नाही.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताईने तिला जवळ बसवले आणि सांगितले. मी त्या खोलीत होते. ताईचा तसा आग्रह होता. ताईने काही लपवले नाही, आणि काही वाढवूनही सांगितले नाही. शस्त्रक्रिया झाली असती तर बाबा वाचलेच असते, असे कोणी सांगू शकत नाही, हेही तिने सांगितले.

भाची रडेल, अशी माझी अपेक्षा होती. तिने विचारले, “कधी कळलं होतं?”

“सप्टेंबरात.”

“म्हणजे पाच महिने.” ती बोटांवर मोजत होती. मग ती उठून उभी राहिली. “परीक्षा माझी होती ना? मग मला का नाही विचारलंत? मी एक वर्ष थांबले असते. मी बाबांना सांगितलं असतं, की आधी तुमचं करा. तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंत, आणि मला साधं विचारलंही नाहीत!”

तिने दार लावून घेतले. दोन वर्षे ज्या ओझ्याची आम्ही धास्ती घेतली होती, ते तिने उचललेच नाही. बाबा माझ्यामुळे गेले, असे ती एकदाही म्हणाली नाही. तिचा राग वेगळाच होता, आणि त्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही तिला दुःखापासून जपले असे समजत होतो. प्रत्यक्षात तिच्या वाट्याचा एक निर्णय आम्ही परस्पर घेऊन टाकला होता. पंधरा वर्षांच्या मुलीला असे काही विचारावे का, यावर वडील मंडळींचे मत वेगळे असू शकेल. माझेही तेव्हा वेगळेच होते.

दोन दिवस ती आमच्याशी जेवढ्यास तेवढे बोलली. मला वाटू लागले, की माझ्या आग्रहाने मी या घराची घडी विस्कटून टाकली. तिसऱ्या दिवशी दुपारी ती इस्पितळाच्या कागदांची फाइल घेऊन बाहेर आली आणि आईजवळ बसली. एकेका कागदावर बोट ठेवून ती विचारत होती, आणि ताई सांगत होती. सारे कागद झाल्यावर तिने विचारले, “बाबा घाबरले होते का गं?”

“हो,” ताई म्हणाली. “रात्री झोप यायची नाही त्यांना. गच्चीत जाऊन बसायचे.”

“मला वाटायचं, ऑफिसचं काम असतं. दिव्यानं माझी झोपमोड होते म्हणून मी एकदा चिडले होते त्यांच्यावर.” ती थांबली. “मग त्यांनी दिवा लावणं बंद केलं.”

आता ती रडली. ताईही रडली. त्या घरातल्या दोघी भाऊजींसाठी एकत्र रडत आहेत, असे मी प्रथमच पाहिले. आजवर दोघी एकमेकींना कळू नये म्हणून आपापल्या खोलीत रडत आल्या होत्या.

माझ्या परतीच्या आदल्या रात्री भाचीने संगणक बैठकीतल्या मोठ्या पडद्याला जोडला. या खेळाला एक जादा भाग आहे. ‘फेअरवेल’, म्हणजे निरोप. तो 2018 च्या मार्चमध्ये आला. पूर्वकथेचीही ती पूर्वकथा. संप मिटला होता, त्यामुळे क्लोईचा मूळ आवाज त्यात परत आला. क्लोई आणि मॅक्स अजून लहान, तेरा-चौदा वर्षांच्या आहेत. वडील अजून आहेत. सकाळची वेळ आहे, दोघी जुनी खेळणी काढून बसल्या आहेत आणि कधीकाळी पुरून ठेवलेला खजिना शोधत आहेत. भाग संपता संपता त्या घरात वडिलांच्या अपघाताची बातमी येते. खेळणाऱ्याने काहीही निवडले, तरी ती येतेच. म्हणून भाचीने हा भाग आजवर कधी उघडलाच नव्हता.

“आई, तू खेळ,” ती म्हणाली, आणि कंट्रोलर ताईच्या हाती दिला.

ताई दिवसभर संगणकापुढे काम करणारी बाई. पण ती वस्तू तिने आरतीचे तबक धरावे तशी दोन्ही हातांनी धरली. तिची मॅक्स भिंतींवर आपटत होती, जिन्यावर उलटी फिरत होती, आणि भाची हसून हसून बेजार झाली होती. मग एका ठिकाणी खेळ थांबला. मॅक्सच्या घरचे गाव सोडून जाणार आहेत. क्लोईला अजून ते ठाऊक नाही. आजचा दिवस एवढा आनंदात चालला आहे. पडद्यावर पुन्हा त्याच दोन वाटा उमटल्या: सांगायचे, की नाही.

ताईने भाचीकडे पाहिले. भाचीने काही सुचवले नाही. पाय पोटाशी घेऊन ती वाट पाहत बसली होती.

“इथं कोणतं बटण दाबायचं गं, सांगायचं असेल तर?” ताईने विचारले.

भाचीने हात पुढे करून बटण दाखवले. ताईने ते दाबले. आणि मग पुढची बातमी येईपर्यंत दोघी एकमेकींना टेकून बसल्या.